निळी वादी

“निळी! निळी आहे!” बाहेर कुणीतरी ओरडलं आणि लेस्टर हुडाकच्या दुकानाच्या काचेला सहा कॅमेरे एकदम चिकटले.

लेस्टरनं मान वर केली नाही. चामड्याची वादी सुईतून ओढून घेतली, गाठ मारली आणि ग्लोव्ह वाळायला ठेवला. बेसबॉलचे ग्लोव्ह दुरुस्त करण्यात त्याची चव्वेचाळीस वर्षं गेली होती. एवढ्या काळात ओहायोतल्या त्या गावात त्याचा फोटो कुणी काढला नव्हता. बायकोनंसुद्धा.

ग्लोव्ह कोल्बी रेनरचा होता. कोल्बी याच गावचा. दर डिसेंबरला त्याचा ग्लोव्ह नव्या वाद्या ओवायला लेस्टरकडे यायचा, आणि वादी असायची संघाच्या रंगाची. नऊ वर्षं हिरवी, कारण नऊ वर्षं तो हेरन्सकडून खेळला. हेरन्सचं मैदान इथून तासाभरावर. यंदा करार संपला, गडी मोकळा झाला. पश्चिम किनाऱ्यावरच्या ॲडमिरल्सनी थैली सैल सोडली. त्यांचा रंग निळा.

महिनाभर सगळा देश दुसरं काही बोलत नव्हता. वाहिन्यांवर जाणकार बसले होते, ते उठायचं नाव घेत नव्हते. कोल्बीच्या बायकोनं बर्फ उपसायचं फावडं विकत घेतलं तेव्हा तो राहणार असं ठरलं. ते तिनं परत केलं तेव्हा तो जाणार असं ठरलं. फावड्याचा दांडा मोडका निघाला होता, हे कुणी विचारलं नाही. मग कुणाला तरी लेस्टरची आठवण झाली.

ग्लोव्हच्या अंगठ्यात कोल्बीची चिठ्ठी होती. ‘हिरवीच. सोमवारी सही आहे. तोवर कुणाला बोलू नका, आईलाही नाही. क्लबची अट आहे.’

हिरवी वादी खणात तयार होती. पण तेल दिलेलं चामडं वाळेपर्यंत ग्लोव्हचा आकार बिघडू नये म्हणून आधी एखादी जुनी वादी तात्पुरती ओवून ठेवायची असते. खोक्यात हाताला लागली ती निळी, शाळेच्या पोरांच्या ग्लोव्हमधून उरलेली. लेस्टरनं रंगाकडे पाहिलंही नव्हतं. या वयात तो फक्त भोकांकडे पाहायचा.

डीन प्रुइट नावाचा वार्ताहर आत शिरला.

“म्हातारबा, एकच शब्द. निळी म्हणजे ॲडमिरल्स ना?”

“दार लाव. गारठा येतोय.”

“म्हणजे तुम्ही नाही म्हणत नाही.”

“मी काहीच म्हणत नाहीये, बाबा.”

“बास. हेच छापतो.”

आणि त्यानं तेच छापलं. ‘रेनरच्या विश्वासू कारागिराकडून इन्कार नाही.’ लेस्टरनं बातमी दोनदा वाचली. खोटा असा एक शब्द त्याला सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी कोल्बीची आई आली. आयरीनचे डोळे जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलाचा प्रत्येक सामना ती रेडिओवर ऐकायची, आणि रात्री नऊचे ठोके पडले की जिथं असेल तिथं झोपायची. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने इथल्या घड्याळात रात्री दहाला सुरू होतात.

“निळी ओवलीस म्हणे, लेस्टर.”

लेस्टरनं तोंड उघडलं. खणाकडे पाहिलं. “तेल वाळतंय, आयरीन.”

“मी तेलाचं विचारलं का?”

तिनं टेबल चाचपून ग्लोव्ह शोधला आणि वादीवरून अंगठा फिरवला, सावकाश, टोकापर्यंत.

“रंग काही बोटांना लागत नाही बघ,” ती म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली.

लेस्टरला त्या दिवशी दुसरं काही काम झालं नाही. सोमवार किती लांब आहे हे त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरात तीनदा पाहिलं. कॅलेंडर हेरन्सचंच होतं.

सोमवारी दुपारी कोल्बी मागच्या दारानं आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. शाळेत असताना तिथंच बसायचा.

“हेरन्सनी सकाळी दुसरा गडी घेतला, मिस्टर हुडाक. फोनवर म्हणाले, ग्लोव्ह पाहिला आम्ही, शुभेच्छा.”

“अरे, ती तात्पुरती होती!”

“मला नका सांगू. या स्टुलावर बसून शंभरदा पाहिलंय.”

“मग त्यांना सांगायचंस.”

“शुक्रवारी सांगितलं. म्हणाले, सगळे खेळाडू असंच सांगतात. म्हातारा मात्र नाही म्हणाला नाही.”

लेस्टरनं हातातली सुई खाली ठेवली. “तूच लिहिलं होतंस, कुणाला बोलू नका.”

“हो ना. आणि देशात तुम्ही एकटेच असे निघालात की जे खरंच बोलला नाहीत.”

ही शाबासकी की टोमणा, हे लेस्टरनं विचारलं नाही. त्यानं खण उघडला, हिरव्या वादीचं वेटोळं बाहेर काढलं, क्षणभर हातात धरलं आणि परत आत ठेवलं.

“निळीच पक्की घाला,” कोल्बी म्हणाला.

“आईला सांगितलंस? तू राहणार होतास म्हणून?”

“आता सांगून काय करू?”

“ती नवाला झोपते, कोल्बी.”

“झोपायची.” कोल्बीनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “तो फोटो आल्यापासून रोज दुपारी पडदे ओढून पडून राहते. म्हणते, आत्तापासून सवय केली तर एप्रिलमध्ये सामने सुरू होईपर्यंत रात्री जागता येईल.”