सगळ्यात जास्त वाजणारा कीबोर्ड

“काकू, गेमिंगसाठी हा मेकॅनिकल कीबोर्ड मस्त आहे, पण फार वाजतो. शेजारी भांडायला येतील,” दुकानदार हसला.

“येऊ देत. हाच द्या.”

घरी ऋजुताने खोकं फोडलं, दोन-चार कळा दाबल्या आणि आईकडे रोखून पाहिलं. “भारी आहे. पण एवढा वाजणारा का आणलास, ते कळतंय मला.”

मागच्या वेळी फिट आली तेव्हा ती बंद खोलीत होती आणि बाहेर काहीच ऐकू आलं नव्हतं. तेव्हापासून आई दर पाच मिनिटांनी दार उघडून बघायची. ऋजुता त्याला विटली होती.

“आता नाही डोकावणार,” आई म्हणाली. “आवाज थांबला तरच येईन.”

“शप्पथ?”

“शप्पथ.”

दार लोटलं गेलं. कळा वाजू लागल्या, कधी झुंबड, कधी दोनच, मध्येच हेडफोनवरच्या मैत्रिणीला “अगं मागे बघ ना, माठ!” कित्येक महिन्यांनी आई निवांतपणे मेथी निवडायला बसली.

अर्धी जुडी झाली तरी आवाज चालूच होता. तिला बरं वाटलं.

मग तिच्या लक्षात आलं, की मघापासून ऋजुता ओरडलेली नाही. एकच कळ वाजत होती, सेकंदाला दोनदा, अगदी सारख्या अंतराने. खेळताना कोणी इतकं मोजून दाबत नाही.

“ऋजू?”

कळ त्याच चालीत वाजत राहिली.