अकराही हजर

"सर, पाणी इतकं हिरवं कधीपासून आहे?" माशांचं दुकान चालवणारी रेहाना माझ्या बागेतल्या तळ्याशी उकिडवी बसली होती.

"पाण्याचं राहू द्या, मासे बघा," मी म्हणालो. "रोज पहाटे मी इथे येऊन खाकरलो की अकराच्या अकरा वर येतात. तोंड उघडून माझ्याकडे बघतात. पस्तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, पण असा वर्ग मिळाला नाही."

ती हसली नाही. "सर, ते तुम्हाला भेटायला येत नाहीत. तुम्ही पोळ्या कुस्करून टाकता, त्या तळाशी सडतात. पहाटे पाण्यात प्राणवायूच उरत नाही. ते वर येऊन धापा टाकतात."

मला तिचा रागच आला. तरी तिला पाणी बदलू दिलं, हवेचा पंप बसवू दिला, पोळ्याही बंद केल्या.

आठवड्याभरात पाणी नितळ झालं. पहाटे काठावर उभा राहून खाकरलो. पुन्हा खाकरलो. कुणी वर आलं नाही. अकराही खाली मजेत फिरत होते.

खिशातला फोन काढून पाहिला. मुलीची बंगळुरूची नोकरी गेली, तेव्हा ती रोज सकाळी फोन करायची, रडायची. नवी नोकरी लागल्याला महिना झाला. तेव्हापासून एकही फोन नाही.

म्हणजे तीही मजेत असणार.

पंपाच्या बटणाकडे गेलेला हात मी मागे घेतला.