डार्लीनच्या घरची पाहणी

“स्वतःच्या हाताने जेवतो?” शेल्बीने विचारलं.

“नाही,” डार्लीन म्हणाली. “भरवावं लागतं.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या ट्रेव्हरने मान वळवून आईकडे पाहिलं. चमचा पट्ट्याने हाताला बांधून दिला की तो गेल्या हिवाळ्यापासून स्वतः जेवत होता. निम्मं सूप अंगावर सांडायचं, मायलेक दोघंही हसायची. पण जेवायचा.

मेडिकेडकडून, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेकडून, दरवर्षी कोणीतरी अशी पाहणी करायला यायचं. रोज सकाळी घरी येऊन ट्रेव्हरला उठवणारी, अंघोळ घालणारी मदतनीस पुढे मिळणार की नाही, हे त्यावरच ठरायचं. ती नसेल तर पहाटे शाळेच्या कँटीनमध्ये कामाला जाणाऱ्या डार्लीनने काय करायचं? पलीकडच्या घरातल्या ओपलने मागे अशाच पाहणीत मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, “माझी लेक आता शर्ट एकटी घालते.” मदतनीस बंद झाली. ओपलची लेक आता तिशीतच वृद्धाश्रमात असते, म्हाताऱ्यांच्या रांगेत खिडकीपाशी.

दरवर्षी अनोळखी बाई यायची, ते बरं होतं. यंदा शेल्बी आली. शाळेत ट्रेव्हरच्याच वर्गातली.

“अरे, तू होय?” ती दारातच म्हणाली होती. “अजून तसाच खवचट आहेस का?”

ट्रेव्हरला बोलायला वेळ लागतो. ती थांबली होती.

“तू अजून... गणितात... नापासच?”

ती खळखळून हसली होती. ट्रेव्हरचा चेहरा इतका उजळलेला डार्लीनने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता.

आता शेल्बी खाली बघून, हळू आवाजात विचारत होती. “संडासाचं कसं?”

“डायपर,” डार्लीन म्हणाली. तेवढंच पुरे होतं. पण ओपलची लेक तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिचा आवाज चढला. “तोही पुरत नाही. जुलैत चर्चची सहल होती, तिथे सगळ्यांदेखत झालं. बायका नाकाला रुमाल लावून उठल्या. गाडीच्या सीटवर टॉवेल पसरून घरी आणला. घोडा झालाय, पण रात्रभर लहान मुलासारखा रडला.”

शेल्बीचा पेन थांबला. ट्रेव्हरचे कान लालबुंद झाले होते.

“डार्लीनकाकू, एवढं नाही लागत.”

“लागतं. लिही तू, पोरी. सगळं लिही.”

शेल्बीने लिहिलं. मग ती खुर्ची वळवून ट्रेव्हरसमोर बसली. “तुलाही विचारावं लागतं, नियमच आहे. जेवणाचं आई म्हणते ते बरोबर आहे?”

डार्लीनने ओट्याची कड घट्ट धरली. ट्रेव्हरला खोटं बोललेलं खपत नसे. लहानपणी तिने फोनवर “आई घरी नाही” असं सांगायला लावलं, तर त्याने तसं सांगून पुढे “असं आई म्हणतेय” जोडलं होतं.

ट्रेव्हरने शेल्बीकडे पाहिलं.

“आईच... भरवते,” तो म्हणाला. “मला नाही... जमत.” मग श्वास घेऊन म्हणाला, “तोंडपण... तीच पुसते.”

जाताना शेल्बीने पायरीवर डार्लीनचा दंड हलकेच दाबला. “मदतनीस जाणार नाही, असं वाटतंय मला.”

डार्लीनने मान हलवली. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ती पायरीवरच उभी राहिली. आत जायला पाय उचलत नव्हता. शेवटी गेली, आणि कॉफीचे कप उचलत, पाठमोरीच म्हणाली, “काय करणार रे. ओपलच्या लेकीचं बघितलंस ना. खोटं बोलावं लागलं मला.”

“खोट्याचं... काही नाही गं,” ट्रेव्हर म्हणाला. पुढचे शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. ती कप हातात धरून थांबली.

“जे खरं होतं... ते जरा... हळू सांगायचंस.”