राखणीला कुचकामी

माणूस दिसला की भुंकत सुटणाऱ्या म्हाताऱ्या बॉस्को कुत्र्याला आउमाने घरी सांभाळायला आणलं होतं, ते चांगलं घर मिळेपर्यंतच. मक्याच्या उगालीचे घास भरवत तिने त्याला माणसाळवलं, त्याचं भुंकणं थांबलं. पण तोवर तिचाच जीव त्याच्यात अडकला. किसुमू शहरात कुत्रा पाळतात तो राखणीलाच. म्हणून एकटे राहणारे ओकेलो आजोबा त्याला न्यायला आले, तेव्हा तिने मुद्दाम नाक मुरडलं, "कशाला नेताय, आजोबा? राखणीला अगदी कुचकामी! चोर आला तरी शेपूट हलवील मेला."



"मग हाच दे गं, पोरी. माझा आधीचा कुत्रा इतका भुंकायचा, की वर्षानुवर्षं कुणी माझ्याकडे चहाला फिरकलं नाही... तू येशील ना, याला भेटायला?"