वत्सलाची चवड

"ही कुणाची?" पापडकेंद्र चालवणाऱ्या अंबूताईंनी विचारलं. पीठ मोजूनच दिलेलं असायचं, तरी रोज सकाळी पापडांची एक चवड जास्तीची निघत होती.

पापडाच्या कडेवरचा अर्ध्या तुटलेल्या अंगठ्याचा ठसा लाटणाऱ्या सगळ्या बायकांनी ओळखला होता. वत्सलाचा. तिला जाऊन दहा दिवस झाले होते.

एकदा अंबूताईंनी तिचा पापड सगळ्यांसमोर उजेडात धरला होता. "वत्सले, हा पापड की गोणपाट?" बायका खूप हसल्या होत्या. पुढे वर्षभर वत्सलाने कागदासारखे पातळ पापड लाटले, पण अंबूताईंनी एका शब्दाने कौतुक केलं नाही. कौतुक केलं की बायका डोक्यावर बसतात, असं त्यांना वाटे.

त्यांनी चवडीतला वरचा पापड उचलून उजेडात धरला. पलीकडची खिडकी स्वच्छ दिसली. पापड अजून ओला होता.

"वत्सला," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "इतका सुरेख पापड मलासुद्धा कधी जमला नाही गं."

मागच्या ओळीत, तिच्या रिकाम्या जागी, लाटण्याचा आवाज थांबला. तो इतके दिवस चालूच होता, हे बायकांना तेव्हा कळलं.