मधलं बोलणं

इतिहास विभागाच्या उज्ज्वला मॅडमनी काशीरामच्या कानांवर हेडफोन बसवले, तसे त्याने डोळे मिटून घेतले. अंगावर सत्काराची शाल होती, मांडीवर नारळ होता. दोन्हींशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. बिरवाडीच्या मुलाच्या, भरतच्या खोलीतून तो सकाळीच निघाला होता तो एकाच गोष्टीसाठी. आज त्याला त्याच्या बायकोचा, आवडीचा आवाज ऐकायचा होता.

विद्यापीठाच्या इतिहास विभागाने महाडला, चवदार तळ्यापासून जवळच्या एका सभागृहात आपल्या कामाचं प्रदर्शन मांडलं होतं. भिंतींवर वीरगळांची छायाचित्रं, शिलालेखांचे ठसे, परिसंवादांचे फोटो. दाराशी काचेच्या कपाटात विभागाला मिळालेलं मानचिन्ह. ते मिळालं होतं वरंध घाटाच्या जुन्या वाटेवरच्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपल्या म्हणून. त्यात सगळ्यात लांबलचक आठवण काशीरामची. पाहुण्यांनी भाषणात त्याचं नाव घेतलं, टाळ्याही झाल्या. तो मान हलवत राहिला. चित्त थाऱ्यावर नव्हतं.

त्या रेकॉर्डिंगनंतर दुसऱ्याच पावसाळ्यात घाटातल्या त्याच्या वाडीवरचा डोंगर खाली आला होता. काशीराम त्या दिवशी डोळे दाखवायला मुलाकडे आलेला. घर गेलं, गोठा गेला, घरात होती ती आवडी गेली. मागाहून आधार कार्डावरचा फोटो तेवढा मिळाला. पण फोटो काय बोलणार? फोनवर ती कधी बोललीच नाही. हातात दिला की लाजून परत करायची. तशी घरात तोंडाची फटकळ. मनाला लागलं की मात्र एकदम गप्प व्हायची, मग हातातली भांडी काय ती बोलायची. माणसामागून त्याचा आवाजही हळूहळू जातो, हे काशीरामला कुणी सांगितलं नव्हतं. हल्ली तिचा चेहरा आठवे, आवाज काही केल्या आठवत नसे. आणि एका दुपारी त्याच्या एकदम ध्यानात आलं. मॅडम वाडीवर आल्या त्या दिवशी ती घरातच होती की! सारखी मधे मधे बोलत होती!

हेडफोनमध्ये त्याचाच आवाज सुरू झाला. खणखणीत. "माझा बाप घाटावर मीठ न्यायचा. दोन बैल. पुढं ढवळ्या, मागं चांद्या."

काशीरामने श्वास रोखला. इथे आवडी चुलीपासून ओरडली होती, "अवो, पुढं चांद्या असायचा! ढवळ्या वाट चुकायचा. त्यांना पानी मी दाखवायची का तुमी?" मॅडम खळखळून हसल्या होत्या. तो मात्र चिडला होता.

कानात ढवळ्या पुढे झाला आणि थेट घाट चढू लागला. त्याला कुणी अडवलं नाही.

काशीराम पुढच्या जागेची वाट पाहू लागला. बापाला घाटात वाघ आडवा आला, तिथं ती म्हणाली होती, "वाघ कसला, तरस होता. सासूबाईंनी सांगितलंय मला." कानातला वाघ वाघच राहिला. चहा आणला तेव्हा म्हणाली होती, "निवतोय, आधी पिऊन घ्या." तेही नाही. गोष्ट कशी सरळ, गुळगुळीत चालली होती. त्याच्या एकट्याची.

त्याने हेडफोन ओढून काढले.

"मॅडम, माझी बायको कुठं हाय यात?"

"काका..."

"मी हाय, बैल हायत, वाघ हाय. ती नाय. तुमीच काढलीत तिला. अडाणी बाईचं बोलणं कशाला लागतंय तुमच्या इतिहासाला!"

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्या काहीतरी आठवत त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "मूळ रेकॉर्डिंगमधूनही काढलंय, काका. सांगणाऱ्याने काढा म्हटलं की आम्ही मागे काही ठेवत नाही. तसा नियम आहे आमचा."

"कोण म्हटला काढा म्हणून?"

मॅडमनी रेकॉर्डिंग पार शेवटाकडे नेलं आणि हेडफोन पुन्हा त्याच्या कानांवर ठेवले. सांगणाऱ्याची परवानगी त्याच्याच आवाजात शेवटी राखायची, हाही विभागाचा नियमच.

आधी मॅडमचा आवाज आला. "काका, हे सगळं आमच्याकडे ठेवू ना? काही काढायचं आहे का यातलं?"

मग त्याचा. हसरा, ऐटीतला. "माझं सगळं ठेवा. हिचं मधलं बोलणं तेवढं काढून टाका. बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं?"

काशीरामचा राग जिथल्या तिथे विझला. आता त्याला सगळं आठवलं. तो हे बोलला तेव्हा आवडी समोरच उभी होती, रिकामे कप न्यायला आलेली. तिने ऐकलं होतं. उलटून एक अक्षर बोलली नव्हती. आणि त्याने तिच्याकडे बघितलंही नव्हतं.

कानात क्षणभर काहीच नव्हतं. मग कप बशीवर आदळला. रेकॉर्डिंग तिथेच संपलं.

काशीरामने मांडीवरचा नारळ खाली ठेवला. दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले.

"मॅडम," तो म्हणाला, "तेवढा कप परत वाजवा."