जुनी ओळख कायम

"ही मूळ डिस्क नाही, नक्कल आहे," असा संदेश पडद्यावर पुन्हा उमटला आणि तिने कपाळ टेबलावर टेकलं. सकाळपासून हेच चाललं होतं.

इस्पितळाचे सगळे रिपोर्ट साठवलेल्या डिस्कचं कपाट काल तळमजल्यावरून या खोलीत हलवलं होतं. आतलं अक्षरही बदललं नव्हतं. नव्याने जोडताना त्याचा क्रमांक तेवढा बदलला, आणि इतकी वर्षं त्याच्याच जिवावर चाललेले सर्व्हर आता ओळखही दाखवेनात. क्रमांक वेगळा, म्हणजे कुणीतरी केलेली नक्कल, आणि नकलेला आत थारा नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसला न्याय. संदेशाखाली तीन पर्याय होते: जुनी ओळख कायम ठेवा, नवी ओळख द्या, फॉरमॅट करा.

"अहो मॅडम, मग द्या की नवी ओळख," मागे येऊन पडद्याकडे बघत मॅनेजर म्हणाला. "खाली पेशंट खोळंबलेत. एकाचाही रिपोर्ट उघडत नाहीये."

"नवी दिली तर सर्व्हर आतलं सगळं जुन्या नावानेच शोधत बसतील. एकेक पुन्हा जोडावं लागेल."

"आणि ते खालचं, फॉरमॅट?"

"त्याने सगळं पुसलं जाईल."

मॅनेजर दोन पावलं मागे सरकला.

तेवढ्यात फोन वाजला. घरी बाबांजवळ बसणाऱ्या मावशी होत्या. "ताई, सकाळची गोळी अजून घेतली नाही हो त्यांनी. डॉक्टरांनी बजावलंय, हृदयाची गोळी चुकवायची नाही म्हणून. पण एकच धोशा, छबूने सांगितलं तरच घेईन."

"त्यांना फोन द्या. बाबा, मी छबू बोलतेय."

"आवाज अगदी तिचाच काढता हो तुम्ही," बाबा कौतुकाने म्हणाले. "पण आमची छबू तिकडे, आमच्या घरी असते."

गेल्या महिन्यात तिने त्यांना आपल्या फ्लॅटवर आणलं. जुन्या घरात ते तिला नुसत्या पावलांवरून ओळखत. इथे आल्यापासून ती पुरावे देत होती: फोटो दाखवले, लहानपणीच्या खोड्या सांगितल्या, हनुवटीवरचा जुना व्रण दाखवला. बाबा सगळं मन लावून ऐकायचे आणि म्हणायचे, "बरंच माहीत आहे तुम्हाला तिच्याबद्दल." त्या वाक्याने तिला रडू यायचं आणि रागही यायचा. आता तर दोन्हीसाठी अंगात त्राण नव्हतं.

"करते परत," म्हणून तिने फोन ठेवला.

त्याच नावाची दुसरी डिस्क कुठे जोडलेली असली तर दोन्हींतली माहिती बिघडली असती; तशी नाही ना, हे तिने पुन्हा एकदा तपासलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मग 'जुनी ओळख कायम ठेवा' यावर बोट ठेवलं. पडदा क्षणभर घुटमळला. एकेक करून सर्व्हर उठले, आणि खालून कुणीतरी ओरडलं, "उघडले! रिपोर्ट उघडले!"

"एवढंच?" मॅनेजर म्हणाला. "ही तीच डिस्क आहे, एवढंच सांगायचं होतं त्याला?"

"एवढंच. यंत्राला सांगितलं की पटतं."

तो गेल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि फोन लावला. पलीकडे बाबांचा आवाज आला.

"काका," ती म्हणाली, "मी छबूची मैत्रीण. तिने निरोप दिलाय, गोळी घ्या म्हणून."

"छबूने? मग आधी नाही का सांगायचं!" पेला उचलल्याचा, घोट गिळल्याचा आवाज आला. "घेतली, सांगा तिला. बरी आहे ना ती?"

"बरी आहे. दमलीय जरा."

"दमणारच. सगळं एकटीच ओढते पोर. तिला म्हणावं, आज लवकर घरी ये. मी वाट बघतोय."

"सांगते, काका."